कमी युरियात दाणा भरणारं भात निवडायचं कसं? नत्र-कार्यक्षम वाणांची निवड, खानापूर–बेळगाव–अथणी पट्ट्यासाठी

शिवारवाट (खानापूर)

नमस्कार मंडळी. गटाकडे भाताचे ४० नमुने जमलेत. काही गावठी, काही जुन्या सुधारित वाणांतून वेगळ्या काढलेल्या लोंब्यांचे. निम्म्या नत्रावर ज्यांचं उत्पन्न फारसं ढासळत नाही असे वाण त्यांतून निवडायचे आणि पुढे त्यांचा आपसात संकर करायचा, असा विचार आहे. जागा १६ गुंठे, पायऱ्या-पायऱ्यांची, तांबडी माती. थोडी धूळवाफ पेरणीची (कोरड्या मातीत थेट बी टाकायची), थोडी लावणीची.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नत्राच्या पातळ्या किती ठेवायच्या? प्रयोगशाळा हाताशी नसेल तर काय मोजायचं? आणि संकर कुठल्या टप्प्यावर करायचा? नुसतं "कमी खत घाला, जे चांगलं दिसेल ते ठेवा" एवढ्यावर काम भागणार नाही, हे कळतंय. म्हणून जाणकारांनी तपशिलात लिहावं.

---

प्रयोगवही (बेळगाव)

आधी मोजायचं काय ते पक्कं करा. पुढचे बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

नत्र-कार्यक्षमता म्हणजे पिकाला मिळू शकलेल्या दर किलो नत्रामागे किती किलो दाणा आला. मोल, कॅम्प्राथ आणि जॅक्सन यांनी १९८२ मध्ये तिचे दोन भाग पाडले, आणि पैदासकार आजही तेच वापरतात. पहिला भाग उचल: उपलब्ध नत्रापैकी झाडानं किती घेतलं. दुसरा भाग रूपांतर: घेतलेल्या दर किलो नत्रातून किती दाणा तयार केला. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण कार्यक्षमता.

"उपलब्ध" म्हणजे फक्त घातलेला युरिया नाही, मातीनं दिलेलं नत्रही त्यात धरायचं. माती परीक्षणाच्या कागदावरचा उपलब्ध नत्राचा आकडा (हेक्टरी २८० किलोच्या खाली कमी, २८० ते ५६० मध्यम) इथे चालत नाही. अल्कधर्मी परमँगनेटच्या पद्धतीनं सेंद्रिय नत्राचा सहज सुटणारा भाग मोजला जातो. हंगामात मुळांना प्रत्यक्ष किती मिळालं ते त्यातून समजत नाही. शून्य नत्राच्या तुकड्यातल्या पिकानं जमिनीवरच्या भागात किती नत्र साठवलं, तो मातीच्या पुरवठ्याचा जास्त खरा आकडा.

आता एक सापळा. बरेच जण "खत घातल्यावर उत्पन्न किती वाढलं, भागिले खत" एवढंच काढतात. समजा हेक्टरी १०० किलो नत्र दिलं. वाण क खताशिवाय १२०० किलो देतो, खतासह ३२००. वाढ २०००, म्हणजे किलोमागे २०. वाण ख खताशिवाय २४००, खतासह ४०००. वाढ १६००, किलोमागे १६. या हिशेबात क जिंकतो, पण दोन्ही पातळ्यांवर जास्त भात ख देतो! क फक्त उपाशी असताना फार वाईट आहे, म्हणून त्याची वाढ मोठी दिसते. खताच्या शिफारशी ठरवताना हा आकडा उपयोगी आहे, वाण निवडताना एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

---

बांधावरून (येळ्ळूर)

मी मांडणीचं सांगतो.

पातळ्या दोनच ठेवा: हेक्टरी १०० आणि ४० किलो नत्र. एका कोपऱ्यात २–३ वाणांचे शून्य नत्राचे लहान तुकडे, मातीचा पुरवठा कळण्यापुरते. तिसरी पूर्ण पातळी घेतली तर जागा जाते आणि फेर (तीच मांडणी पुन्हा लावणं) कमी करावे लागतात. फेर कमी झाले की काहीच सिद्ध होत नाही.

१०० किलो म्हणजे एकरी सुमारे ४० किलो, म्हणजे गुंठ्याला सुमारे १ किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून गुंठ्याला २.१७ किलो युरिया. ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असतं.

४० नमुन्यांसाठी पहिल्या वर्षी प्रत्येकाला ५ मीटर लांबीच्या ४ ओळी, ओळींत २० सेंमी. एक तुकडा ४ चौरस मीटरचा झाला. ४० तुकडे म्हणजे १६० चौरस मीटरचा एक मोठा वाफा. नत्राच्या दोन पातळ्या आणि दोन फेर, असे चार मोठे वाफे, ६४० चौरस मीटर. बांध आणि चर धरून १० गुंठ्यांत बसतं. पूर्ण नत्राच्या वाफ्याला एकूण ३.४८ किलो युरिया, कमी नत्राच्या वाफ्याला १.३९ किलो. दोन्ही निम्मा, पाव, पाव असे तीन हप्त्यांत.

नत्राची पातळी मोठ्या वाफ्याला, वाण त्याच्या आत चिठ्ठ्या टाकून. दर वाणाला वेगळा बांध घालत बसू नका. पण दोन पातळ्यांच्या मधे दुहेरी बांध आणि त्यांमध्ये चर हवाच. पायऱ्यांच्या शेतात वरच्या वाफ्याचं पाणी खालच्यात सोडायची रीत आहे. प्रयोगात ती पूर्ण बंद. वरून युरिया विरघळून खाली आला की "कमी नत्र" हे नाव फक्त पाटीवर उरतं. खेकड्यांची बिळं रोज बघून बुजवा.

एक फेर एका पायरीवर बसवा. एका पायरीवर पूर्ण नत्र आणि दुसरीवर कमी असं केलंत तर मातीचा फरक कुठला आणि खताचा कुठला, ते नंतर कुणालाही सांगता येणार नाही.

कापणी फक्त मधल्या दोन ओळींची. दोन्ही टोकांचे दोन-दोन चूड सोडा. उंच गावठी वाण बुटक्याला लागून आला तर त्याच्यावर सावली धरतो, म्हणून उंच आणि बुटके असे गट करून मग चिठ्ठ्या टाका.

---

शिवारवाट (खानापूर)

बांधावरून दादा, फार उपयोगी. जमीन आधी तयार करावी लागेल का? गेल्या वर्षी तिथे सोयाबीन होतं आणि उन्हाळ्यात शेणखत पडलंय.

---

लोंबी (धारवाड)

मग यंदा तिथे प्रयोग घेऊ नका. सोयाबीन, भुईमूग, चवळी यांच्या मुळं-पाल्यातून आणि शेणखतातून सुटणारं नत्र कमी नत्राच्या वाफ्याला गुपचूप मिळत राहतं. आधी जमीन उपाशी करावी लागते. किमान दोन हंगाम ज्वारी किंवा मका चाऱ्यासाठी दाट पेरा, नत्र अजिबात देऊ नका आणि सगळा चारा मुळाजवळून कापून शेताबाहेर न्या. पाला, पेंढा काही आत कुजू द्यायचा नाही. स्फुरद, पालाश, गंधक, जस्त मात्र पूर्ण द्या. जस्ताच्या कमतरतेनं पिवळं पडलेलं भात बघून तुम्ही नत्राचा निष्कर्ष काढाल, हा धोका फार मोठा आहे. तांबड्या मातीत स्फुरदाचंही तेच.

जमीन किती उतरली ते असं ओळखा: कमी नत्राच्या वाफ्याचं सरासरी उत्पन्न पूर्ण नत्राच्या तुलनेत ३० ते ५० टक्क्यांनी घटलं पाहिजे. १० टक्केच घटलं तर वाणांमधला फरक उघडा पडत नाही.

विहिरीचं पाणी तपासा. उसाच्या पट्ट्यात हे विसरलं जातं. पिण्याच्या पाण्याची नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. असं पाणी हंगामात एकूण ५० सेंमी दिलं तर हेक्टरी सुमारे ५० किलो नत्र पाण्यातूनच गेलं. तुमची अख्खी कमी पातळी त्यात बुडाली! शक्य तिथे पावसाचं किंवा ओढ्याचं पाणी वापरा, नाहीतर नायट्रेट मोजून हिशेबात धरा.

बियाण्याकडेही तितकंच लक्ष हवं. ४० नमुने ४० घरांतून आले असतील तर प्रत्येकाचं बी वेगळ्या पोषणावर वाढलेलं आहे. भरल्या शेतातल्या बियाण्यात नत्र जास्त, रोप सुरुवातीपासून जोमदार. म्हणून आधी सगळे नमुने एकाच शेतात, एकाच खतावर एक हंगाम वाढवा आणि तिथलं बी प्रयोगाला घ्या. जमीन उपाशी करण्याच्या काळात दुसऱ्या वाफ्यात हे काम होऊन जातं. लावणीला सगळ्यांचं रोप एकाच वयाचं, २१ ते २५ दिवसांचं.

---

हिरण्यकेशी (संकेश्वर)

माझं मत थोडं वेगळं आहे. १९९९ मध्ये राऊन आणि जॉन्सन यांनी जगभरच्या तृणधान्यांचा हिशेब मांडला, तेव्हा घातलेल्या नत्रातलं ३३ टक्केच दाण्यात पोचतं असं निघालं. उरलेल्यातलं बरंच हवेत उडतं, पाण्याबरोबर जातं. हे तर व्यवस्थापनाचं अपयश. २०१५ पासून देशात सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन येतो. पाणी काढून चिखलावर युरिया द्यायचा, एक-दोन दिवसांनी पाणी भरायचं, मात्रा हप्त्यांत विभागायची, एवढं केलं तरी वाण न बदलता पुष्कळ वाचतं. मग इतकी वर्षं पैदाशीत का घालायची?

---

लोंबी (धारवाड)

हिरण्यकेशी साहेब, हप्ते आणि वेळ यांचं महत्त्व कुणी नाकारत नाही. पण जुलैत खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी–जांबोटीकडे, पावसाची झड लागली की दुसरा हप्ता वेळेवर देताच येत नाही. तिथे जे नत्र हाताशी आहे ते लवकर उचलणारं मूळच कामाला येतं.

आणि वाणाचा प्रश्न वेगळा का आहे ते सांगते. हरित क्रांतीतले बुटके वाण, १९६६ चं आयआर ८ असो की त्या वाटेनं आलेलं आपलं जया, भरपूर खतावर आडवे पडू नयेत म्हणून निवडले गेले. निवड झाली ती भरल्या वाफ्यात. बुटकेपणा देणाऱ्या जनुकांमुळे वाढ दाबून धरणारी डेला नावाची प्रथिनं झाडात साठतात, आणि त्याबरोबर नत्र उचलण्याचा वेगही मंदावतो. २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी भातात दाखवलं की जीआरएफ ४ हे प्रथिन डेलाच्या उलट दिशेनं काम करतं. त्याचं जोरकस रूप असलेलं भात बुटकं राहूनही नत्र जास्त उचलतं. म्हणजे पुष्कळ खत मागणं हा बुटक्या वाणांच्या रचनेतलाच भाग आहे. तो वाफ्यातल्या व्यवस्थापनानं पुरता भरून निघत नाही.

---

शिवारवाट (खानापूर)

यावरून एक विचारतो. धूळवाफ आणि लावणी, दोन्हीसाठी एकच चाचणी चालेल का?

---

लोंबी (धारवाड)

नाही. हा तुमच्या भागातला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

लावणीच्या चिखलात हवा नसते, तिथे नत्र मुख्यतः अमोनियमच्या रूपात असतं. धूळवाफेत मे अखेर-जूनला कोरड्या किंवा वळवानं ओलावलेल्या मातीत बी पडतं. तेव्हा माती हवेशीर असते. त्या ओलीवर सेंद्रिय नत्र सुटतं आणि त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेटला मातीचे कण धरून ठेवत नाहीत. जुलैत पाणी तुंबलं की ते काही खाली झिरपतं, काही वायू होऊन उडतं. म्हणजे पेरणीपासून पाणी तुंबेपर्यंतचे पाच-सहा आठवडे नायट्रेटची सुगी असते, आणि ज्या वाणाचं मूळ त्या काळात लवकर खोल आणि दाट पसरतं त्यालाच ती मिळते.

म्हणून धूळवाफेच्या चाचणीत उगवणीनंतर २० आणि ३५ दिवसांचा जोम नोंदवा: ओळीच्या अर्ध्या मीटरमधली रोपं कापून, वाळवून वजन. लावणीच्या चाचणीत या आकड्याला फारसं महत्त्व नाही, तिथे फुटवे येण्याच्या वेळची आणि पोटरीतली (लोंबी बाहेर पडण्याआधीची) उचल बघा. दोन्हींत पहिले येणारे वाण बहुधा वेगवेगळे निघतील. मुगदच्या संशोधन केंद्रात पेरभातावर स्वतंत्र काम चालतं ते याचसाठी.

आणखी एक. युरियाचा पहिला मोठा हप्ता कोरड्या धुळीत देऊन टाकू नका. तोही नायट्रेट होऊन त्याच वाटेनं जाईल. रोपं तीन आठवड्यांची झाल्यावर सुरुवात करा.

---

प्रयोगवही (बेळगाव)

मोजमापाचं राहिलं होतं.

प्रयोगशाळेशिवाय होण्यासारखं: निसवण्याची तारीख, उंची, चौरस मीटरमधल्या लोंब्या, लोंबीतले भरलेले आणि पोचट दाणे, हजार दाण्यांचं वजन, दाणा आणि पेंढा वेगवेगळे वजन करून. पानांच्या रंगपट्टीनं दर दहा दिवसांनी नोंद: तुकड्यातली १० झाडं, वरचं पूर्ण उघडलेलं पान, सकाळी ८ ते १०, सूर्याकडे पाठ करून पानावर अंगाची सावली पाडून, आणि सगळ्या तुकड्यांची नोंद एकाच माणसानं.

पण रंगपट्टी किंवा क्लोरोफिल मीटरच्या आकड्यावरून दोन वाणांची तुलना करू नका. जाड, अरुंद पानाचा वाण गडद दिसतो आणि पातळ, रुंद पानाचा फिका. पानातलं नत्र दोघांचं सारखं असू शकतं. हे आकडे त्याच वाणात बघायचे: पूर्ण नत्रावर किती, कमी नत्रावर किती, आणि निसवल्यानंतर किती दिवस हिरवं टिकलं.

दाण्या-पेंढ्यातलं नत्र मात्र प्रयोगशाळेतूनच. पहिल्या वर्षी ४० नमुन्यांचं करू नका, खर्च वाया जाईल. दुसऱ्या वर्षी उरलेल्या १२ वाणांचं करा. नमुना ६५ ते ७० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा, बारीक दळायचा, दाणा आणि पेंढा वेगवेगळा द्यायचा. नत्र मोजायच्या केल्डालच्या नेहमीच्या पद्धतीत नायट्रेट धरलं जात नाही. पक्व दाण्यात त्यानं फरक पडत नाही, पण कोवळं हिरवं झाड दिलं तर सॅलिसिलिक आम्लाची सुधारित पद्धत मागून घ्या. कापणीला उशीर झाला आणि पानं गळून पडली तर तेवढं नत्र मोजणीतून सुटतं.

हिशेबाचा नमुना देतो, आकडे समजण्यापुरते. उपलब्ध नत्र हेक्टरी ८० किलो (मातीचं ४०, खताचं ४०). दोन वाण, दोघांचं उत्पन्न ३२०० किलो. एकूण कार्यक्षमता दोघांची ४०.

वाण प: एकूण उचल ५६ किलो. उचल क्षमता ०.७०, रूपांतर ५७.
वाण फ: एकूण उचल ४८ किलो. उचल क्षमता ०.६०, रूपांतर ६६.७.

वरून दोघे सारखे, आतून वेगळे. प चं मूळ चांगलं, फ ची दाणा बनवण्याची रीत काटकसरीची. असे दोन वाण हाती लागले की तो संकर करण्याजोगा जोड. शिवारवाट, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: दुसऱ्या वर्षाच्या विश्लेषणाआधी संकर करू नका. उचलीत चांगले असलेल्या दोन वाणांचा संकर करून तेच गुण पुन्हा मिळवण्यात दोन वर्षं जातील.

---

कणीस (निपाणी)

मक्याबद्दल थोडं, कारण निवडीचं बरंच ज्ञान मक्याच्या कामातून आलंय. सिमिट या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन संस्थेच्या मेक्सिकोतल्या प्रयोगांवरून १९९७ मध्ये बँझिगर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की कमी नत्रामुळे उत्पन्न साधारण ४० टक्क्यांहून जास्त घटणाऱ्या शेतांसाठी निवड करायची असेल, तर ती कमी नत्रातच करणं जास्त फलदायी. भरल्या वाफ्यातली निवड तिथे कमी पडते. लोंबीताईंनी घटीची जी मर्यादा सांगितली तिचा याच्याशी संबंध आहे.

मक्यात सगळ्यांत स्वस्त खूण म्हणजे तुरा फुटणं आणि कणसाचे केस बाहेर पडणं यांतलं अंतर. नत्र कमी पडलं की केस उशिरा येतात, परागकण संपलेले असतात आणि कणीस बोडकं राहतं. तुकड्यातल्या निम्म्या झाडांना तुरा आला तो दिवस आणि निम्म्यांना केस आले तो दिवस नोंदवा. कमी नत्रातही हे अंतर २–३ दिवसांच्या आत ठेवणारं कुटुंब ठेवा. जोडीला झाडामागे कणसं किती आणि खालची पानं किती लवकर वाळली, एवढ्या दोन नोंदी.

बाजारातल्या संकरित मक्याचं बी पुढच्या वर्षी धरून निवड करत बसू नये, पिढी फुटते. खुल्या परागणाच्या वाणातून सुरुवात करा.

---

काळवट (अथणी)

आमच्याकडे भात नाही, पण ज्वारीचा विषय इथे यायला हवा.

ज्वारीची मुळं सॉर्गोलिओनसारखे पदार्थ सोडतात, ते मातीतल्या अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना रोखतात. नत्र अमोनियमच्या रूपात जास्त दिवस थांबतं आणि वाया कमी जातं. वाणावाणांत या गुणाचा फरक असतो, म्हणजे निवडीला वाव आहे. याच धर्तीवर गव्हात लेमस रेसमोसस या रानटी गवताच्या गुणसूत्राचा तुकडा आणला गेला. सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केलं, आणि उत्पन्नाला फटका न बसता मुळांचा हा गुण वाढल्याचं दाखवलं.

आपल्या काळ्या मातीसाठी एक सावधगिरी. या पदार्थांतला पाण्यात विरघळणारा गट आम्लधर्मी, अमोनियम असलेल्या मुळांभोवती चांगला सुटतो. सामू (पीएच) ७ च्या वर गेला की तो मंदावतो. अथणी–रायबागची चुनखडीयुक्त माती ८ च्या आसपास. तिथे आधी युरिया मातीत गाडून द्या, कारण वर टाकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. नायट्रेट व्हायची वेळच येत नाही. मग अशा मातीत ज्वारी निवडताना मुळांच्या स्रावाच्या मागे न लागता खोल मूळ आणि दाणे भरताना हिरवं टिकणारं पान यांवर भर द्या. मालदांडी ३५-१ तुलनेसाठी ठेवा. रब्बीत ओल संपल्यानं दाणा बारीक राहतो आणि तोच परिणाम नत्राच्या नावावर खपतो. म्हणून एका तरी फेराला पोटरीत संरक्षित पाणी द्या, म्हणजे दोन कारणं वेगळी करता येतील.

---

हिरण्यकेशी (संकेश्वर)

आमच्याकडच्या खपली गव्हाचं काय? कमी खतावर येते म्हणून ती नत्र-कार्यक्षम म्हणायची का?

---

लोंबी (धारवाड)

कमी खतावर येणं आणि कार्यक्षम असणं यांत फरक करायला हवा. खपली कमी नत्रावर समाधानकारक येते, पण जास्त दिलं की उंच प्रकार लोळतात. डीडीके १०२५ आणि १०२९ हे धारवाडचे बुटके वाण त्यासाठीच उपयोगी. गव्हात खरी अडचण प्रथिनांची. दाण्यातलं नत्र गुणिले ५.७ म्हणजे प्रथिन: २ टक्के नत्र असेल तर ११.४ टक्के प्रथिन. रूपांतराचा आकडा वाढवत गेलात की कमी नत्रात जास्त दाणा येतो, म्हणजे दाण्यात नत्र पातळ होतं. खपलीचं गिऱ्हाईक तिच्या दळाच्या गुणासाठी पैसे मोजतं, तिथे प्रथिन घालवून उत्पन्न वाढवणं परवडणारं नाही. म्हणून खपलीत निवड उचलीवर करा, आणि पेंढ्यातून दाण्यात किती नत्र सरकतं त्यावर. रानटी खपलीतलं जीपीसी-बी १ हे जनुक पानांतलं नत्र लवकर दाण्यात ओढतं, पण पान लवकर पिकतं आणि काही वाणांत दाण्याचं वजन कमी होतं. तेवढी किंमत मोजावी लागते.

---

शिवारवाट (खानापूर)

भातातही अशी जनुकं सापडलीत असं वाचतो. मार्कर (जनुक ओळखायच्या डीएनएतल्या खुणा) तपासून घेतले तर चाचणीचे श्रम वाचतील का?

---

प्रयोगवही (बेळगाव)

थोडेच वाचतील. एनआरटी १.१बी हे नायट्रेट उचलणारं जनुक २०१५ मध्ये पुढे आलं. भाताचे इंडिका आणि जपोनिका असे दोन मोठे गट, त्याचं जास्त कार्यक्षम रूप इंडिकात असतं, जपोनिकात नसतं. आपलं भात इंडिकाच, म्हणजे ते रूप बहुधा तुमच्या सगळ्या ४० नमुन्यांत आधीच आहे. त्यावर पैसे घालवू नका. डीईपी १ चं नत्राला कमी संवेदनशील रूप लोंबी आखूड, ताठ आणि दाट करतं. सुवासिक बारीक भात घेणाऱ्याला ते नको असेल.

टीसीपी १९ मात्र बघण्यासारखं. २०२१ मध्ये दिसून आलं की मिळालेल्या नत्राला फुटव्यांचा जास्त प्रतिसाद देणारं त्याचं रूप नापीक जमिनीतल्या गावठी भातांत राहिलंय आणि आधुनिक वाणांतून बऱ्याच अंशी गळालंय. तुमच्या गावठी नमुन्यांत ते असण्याची शक्यता आहे. विद्यापीठाशी संपर्क होत असेल तर निवडलेल्या १२ वाणांची पानं द्या, ४० ची नकोत.

---

बांधावरून (येळ्ळूर)

संकर करण्याची रीत थोडक्यात, कारण यात बी न धरण्याची तक्रार फार येते.

मादी म्हणून घ्यायची लोंबी अर्धी निसवलेली असावी. वरची फुललेली फुलं आणि खालची अगदी कोवळी काढून टाका. उजेडाकडे धरून बघा: पुंकेसर फुलाच्या निम्म्या उंचीपर्यंत किंवा थोडे वर आलेले असले की ते फूल दुसऱ्या दिवशी उमलणार. संध्याकाळी अशा फुलांचा वरचा एक तृतीयांश भाग तिरपा कापा आणि चिमट्यानं सहाही पुंकेसर काढा. एक फुटला तरी ते फूल टाका. बटर पेपरची पिशवी चढवा, तारीख लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान नर वाणाची उमलती लोंबी वर धरून हलकेच झटका. ढगाळ दिवशी फुलं उशिरा उमलतात, घाई करू नका. ४–५ दिवसांत अंडाशय फुगलेला दिसतो. कापलेल्या फुलाचा दाणा उघडा राहतो म्हणून बुरशी लवकर धरते. २५ दिवसांच्या आसपास काढून सावलीत वाळवा.

मादी हिरव्या बुंध्याची आणि नर जांभळ्या बुंध्याचा घेतला तर पहिल्या पिढीतच खरा संकर ओळखता येतो: रोपाचा बुंधा जांभळा आला पाहिजे, हिरवं रोप स्वपरागणाचं म्हणून उपटा. बेळगाव बासमतीसारखा उंच, सुवासिक वाण वापरणार असाल तर दुसऱ्या पिढीत किमान हजार-दीड हजार झाडं लावा. सुवास, उंची आणि उचल एकत्र येणारी झाडं लहान समूहात हाताला लागत नाहीत.

दुसऱ्या पिढीत नत्रासाठी निवड करू नका. एकट्या झाडाच्या उत्पन्नावरून त्याच्या कार्यक्षमतेबद्दल काही कळत नाही. शेजारचं रोप मेलं की त्याला दुप्पट नत्र मिळतं. तिथे फक्त उंची, मुदत, करपा, दाण्याचा आकार. चौथ्या पिढीपासून ओळी कमी नत्राच्या वाफ्यात आणा आणि सहाव्या पिढीत पूर्ण फेरांची चाचणी.

---

काळवट (अथणी)

एक कायद्याचं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ प्रमाणे शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बी ठेवता, पेरता, वाटता आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकता येतं. दुसऱ्याचा नोंदणीकृत वाण संकरासाठी वापरायलाही मुभा आहे. पण तोच वाण व्यापारी बियाण्यासाठी पालक म्हणून पुन्हा पुन्हा लागणार असेल तर परवानगी घ्यावी लागते. तुमचा वाण स्थिर झाला की गटाच्या नावानं शेतकरी वाण म्हणून नोंदता येतो. त्यासाठी वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य दाखवावं लागतं, तेव्हा पहिल्यापासून वह्या नीट ठेवा.

---

शिवारवाट (खानापूर)

सर्वांचे मनापासून आभार. मग असं ठरतंय: दोन हंगाम चाऱ्याची ज्वारी, तोवर बी एकाच शेतात वाढवणं, नंतर ४० नमुने दोन पातळ्यांवर, लावणीचे. धूळवाफेसाठी वेगळी लहान चाचणी. शेवटचं एक विचारतो, ४० चे १२ कुठल्या कसोटीवर करायचे?

---

लोंबी (धारवाड)

मुदतीचे गट आधी पाडा. १५० दिवसांचा वाण ११० दिवसांच्या वाणापेक्षा मातीतून सुटणारं नत्र ४० दिवस जास्त खातो, त्यामुळे तो नेहमीच कार्यक्षम दिसतो. तुमच्या वरच्या पायरीला तो ओल संपल्यावर निसवेल, उपयोग नाही. तुलना गटातल्या गटात करा आणि प्रत्येक गटात एक ओळखीचा वाण ठेवा: जया, अभिलाष, इंटाण यांतले मुदतीला जुळतील ते.

मग प्रत्येक गटात आधी कमी नत्रावरच्या उत्पन्नाप्रमाणे क्रम लावा आणि वरचे निम्मे ठेवा. त्यांतून जे पूर्ण नत्रावर गटाच्या सरासरीच्या खाली जातात ते गाळा, कारण चांगल्या वर्षी शेतकरी खत घालणारच आणि तेव्हा त्याला मार बसायला नको. उरलेल्यांत पूर्ण नत्रावर लोळलेले किंवा करप्यानं गेलेले पुन्हा तपासा. नत्र वाढलं की करपा वाढतो, म्हणून तिथलं कमी उत्पन्न हे रोगाचं आहे की वाणाच्या मर्यादेचं, ते वहीतल्या नोंदीवरून ठरवा. दोन फेरांत ज्यांचे आकडे एकमेकांपासून फार लांब पडलेत त्यांना घाईनं काढू नका. दुसऱ्या वर्षी तीन फेर आणि १० चौरस मीटरचे तुकडे असतील, तिथे त्यांना आणखी एक संधी द्या. बारा म्हणजे बाराच असं नाही, चौदा झाले तरी १६ गुंठ्यांत बसतील.

प्रत्येक नमुन्याचं अर्धा किलो बी वेगळं वाळवून, ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आणून, हवाबंद डब्यात ठेवून द्या. गाळलेल्यांचंही. पुढे टीसीपी १९ ची तपासणी झाली आणि गाळलेल्या नमुन्यात ते रूप निघालं, तर संकरासाठी तेच लागेल.

---

शिवारवाट (खानापूर)

डबे आणि चिठ्ठ्यांची तयारी आजच करतो. ज्वारी पेरल्यावर जमिनीच्या नोंदी याच धाग्यावर टाकत जाईन.